हातावर तुरी कुणी दिल्या?

मामाच्या बुटांच्या खोक्यात इंग्रजी वाक्प्रचारांची कार्डं आहेत. नाशिकरोडच्या एका शाळेत त्यानं हयातभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा जमवलेली. कार्डाच्या डोक्यावर वाक्प्रचार, त्याखाली निळ्या शाईत अर्थ आणि जोडीचा मराठी वाक्प्रचार, आणि तळाला लाल शाईत 'गोष्ट', म्हणजे हा वाक्प्रचार कुठून आला त्याची हकीकत. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी या कार्डांचं छोटं पुस्तक निघायचं आहे. टायपिंग माझ्याकडे. माझी ताई यॉर्कशरमधल्या एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे, ती सुट्टीवर आली होती. तिनं खोकं चाळलं आणि मला म्हणाली, "लाल शाई टाइप करूच नकोस." पुढचं सगळं त्यावरून.

मामा : लाल शाई काढली तर उरतं काय? शब्दकोश. तो मुलांच्या दप्तरात असतोच, उघडत नाहीत. 'बाइट द बुलेट म्हणजे नकोसं काम मन घट्ट करून उरकणे', एवढंच सांगितलं तर ते परीक्षेपर्यंतही टिकत नाही. सत्तावन्नचं बंड सांगितलं, एन्फिल्डची काडतुसं, त्यांना लावलेली चरबी, ती दातानं तोडायचा हुकूम, की वर्गात चिडीचूप. वीस वर्षांनी भेटलेला पोरगासुद्धा तो वाक्प्रचार विसरलेला नसतो.

ताई : वर्ग चिडीचूप होतो, पण गोष्ट खोटी आहे त्याचं काय? दातानं फाडायचं ते काडतुसाचं कागदी टोक. गोळी कुणी चावत नव्हतं. आणि बंडाच्या साठ वर्षं आधीच गोळी चावणारे शिपाई पुस्तकात सापडतात. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थानं लंडनच्या हलक्या बोलीचा कोश केला होता, त्याची १७९६ ची आवृत्ती बघ. फटके खाताना जो शिपाई ओरडला त्याला 'नाइटिंगेल' म्हणायचे, गाणारा पक्षी. ते नाव पडू नये म्हणून काही पलटणींतले गडी तोंडात गोळी धरून ती चावत राहायचे.

मामा : म्हणजे गोष्ट आहेच की! नुसता पत्ता बदलला.

ताई : तीसुद्धा 'हीच ती' म्हणून छापता येणार नाही. ग्रोसकडे रिवाज आहे, वाक्प्रचार नाही. आजच्या अर्थाच्या जवळचा वापर किपलिंगच्या 'द लाइट दॅट फेल्ड'मध्ये येतो, १८९१ साली. मधल्या शंभर वर्षांत हा रिवाज लोकांच्या बोलण्यात कसा उतरला, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मामा : किपलिंग मुंबईचा. जे. जे. च्या आवारात जन्मलेला. म्हणजे त्यानं लहानपणी बंडाच्या गोष्टी ऐकल्या असणार, आणि...

ताई : मामा, असंच तर होतं! 'असणार' म्हणता म्हणता लाल शाई चढते.

ताईचं हे बोलणं मला तेव्हा जरा तिखट वाटलं. मामाच्या पिढीनं इंग्रजी तर्खडकरांच्या पुस्तकावर आणि रेन-मार्टिनच्या व्याकरणावर काढली. पुस्तकाबाहेर इंग्रजी बोलणारं माणूस भेटायचं नाही. अशा वेळी परक्या भाषेतल्या शब्दाला हात घालायला गोष्टीशिवाय दुसरी मूठ नव्हती. पण पुढचं कार्ड निघालं तेव्हा ताईची बाजू घ्यावी लागली, कारण ते होतं 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून एक इंग्रजी वाक्प्रचार विचारा, तो हाच सांगेल. लाल शाईत लिहिलं होतं की जुन्या काळी इंग्लंडातली घरं गवतानं शाकारलेली असत, कुत्रीमांजरी ऊबेला आढ्यावर झोपत, आणि पाऊस आला की घसरून खाली पडत.

ताई : ही गोष्ट १९९९ च्या सुमारास ई-मेलमधून जगभर फिरली, 'पंधराशेतलं जीवन' अशा नावाखाली. पावसात कुत्रं गवताच्या छपरावर कशाला चढेल, एवढाही विचार कुणी केला नाही. खरं मूळ कुणालाच माहीत नाही. माहीत आहे ते याहून गमतीचं आहे. जोनाथन स्विफ्टनं १७३८ मध्ये एक पुस्तक काढलं, प्रतिष्ठित लोक गप्पा मारताना जी घासून गुळगुळीत झालेली वाक्यं फेकतात त्यांची टर उडवायला. त्यात हे वाक्य आहे. म्हणजे तेव्हाच ते शिळं झालं होतं, आणि आपण पोरांना अजून ताजं म्हणून वाढतोय.

मामा : स्विफ्ट! गलिव्हरवाला! हे मला माहीत नव्हतं. मग हीच गोष्ट लिहितो.

ताई : लिही, पण खाली हेही लिही की तिकडे मी हे कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पाऊस झोडपायला लागला की आमच्याकडे 'चकिंग इट डाउन' म्हणतात, 'बकेटिंग डाउन' म्हणतात. नुसतं 'पोअरिंग' म्हटलं तरी चालतं.

मामा : मग तुमच्याकडे बोलतात तरी काय? तेच सांग. मी कार्डं करतो.

इथे ताई खुलली. इतका वेळ ती खोडत होती, आता सांगायला लागली.

ताई : रात्रपाळीला ऐंशीच्या पुढची आजी हळूच म्हणते, "आय नीड टू स्पेंड अ पेनी, लव्ह." तिला काही विकत घ्यायचं नसतं, लघवीला जायचं असतं. तुम्ही 'पेनी'वर अडलात तर ती संकोचानं पुन्हा सांगत नाही. एकटीच कॉटवरून उतरायला जाते, पडते, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. एखादे आजोबा हसत हसत सांगतात, "आय हॅड अ फनी टर्न धिस मॉर्निंग." 'फनी' ऐकून आपणही हसलो की संपलं. फनी टर्न म्हणजे अचानक गरगरलं, क्षणभर शुद्ध हरपली, जीभ जड झाली, यांतलं काहीही असू शकतं. ते लगेच डॉक्टरच्या कानावर घालायचं असतं. 'वॉटरवर्क्स'ची तक्रार म्हणजे नगरपालिकेच्या नळाची नव्हे, लघवीची. 'बीन इन द वॉर्स' म्हणणारा लढाईवर गेलेला नसतो, कुठेतरी आपटून-धडपडून आलेला असतो. आणि 'कसं वाटतंय?' विचारल्यावर 'नॉट टू बॅड' असं उत्तर आलं, तर ते 'वाईट नाही'पेक्षा 'छान चाललंय'च्या जवळचं आहे. केरळच्या, फिलिपिन्सच्या, आपल्याकडच्या, सगळ्या बाहेरून आलेल्या नर्सांना हे कानानं शिकावं लागतं. इंग्रजीच्या परीक्षा सगळ्या पास झालेल्या असतात, पण तिथे कुणी फनी टर्न विचारत नाही.

मामा : पेनीची गोष्ट तरी खरी ना? माझ्याकडे आहे कार्ड. १८५१, लंडनचं मोठं प्रदर्शन, क्रिस्टल पॅलेस. जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या कारागिरानं तिथे सार्वजनिक संडास बसवले, आणि आठ लाखांवर लोकांनी एकेक पेनी देऊन ते वापरले.

ताई : प्रदर्शन खरं, संडास खरे, आकडाही खरा. नंतर गावोगावच्या संडासांच्या दारांना नाणं टाकायची कुलपं आली. पण 'स्पेंड अ पेनी' हा शब्दप्रयोग लिखाणात सापडतो तो थेट १९४५ मध्ये.

मामा : मग ठेवू की काढू?

ताई थोडी थांबली. तिची आतापर्यंतची भूमिका बघता तिनं 'काढ' म्हणायला हवं होतं.

ताई : ठेव. ही गोष्ट मला कामाला आली. ते कुलूप ज्यांनी स्वतः वापरलं, तेच लोक हा शब्द वापरतात. १९७१ मध्ये जुनी पेनी गेली, त्यानंतर जन्मलेली पोरं तो आजीची नक्कल म्हणूनच वापरतात. गोष्ट कळली की हा शब्द कुणाच्या तोंडी येणार आणि कुणाच्या नाही, हेही कळतं. अशा गोष्टी छाप. नुसती करमणूक करणाऱ्या नकोत.

माझ्या मते सगळ्या वादातलं हे सर्वांत कामाचं वाक्य. मामाला मात्र ते पुरतं पटलं नाही. 'नुसती करमणूक' हे शब्द त्याला लागले असावेत, कारण त्यानं लगेच हुकमाचं पान काढलं.

मामा : बरं, 'रीड द रायट ॲक्ट' घे. यात तर खोट नाही ना? १७१४ चा कायदा, १ ऑगस्ट १७१५ पासून लागू. बारा किंवा जास्त माणसं दंगा करायला जमली की दंडाधिकाऱ्यानं समोर जाऊन जाहीरनामा मोठ्यानं वाचायचा. त्यानंतर तासाभरात पांगले नाहीत तर थेट फाशीपर्यंत शिक्षा. आपल्याकडच्या बेकायदा जमावाला पाच माणसं पुरतात, तिकडे बारा लागायची. आणि जाहीरनाम्याचा शेवट 'गॉड सेव्ह द किंग'नं व्हायला हवा. एकदा वाचणारा तेवढंच विसरला, तर त्या खटल्यातल्या शिक्षा रद्द झाल्या!

ताई : हे मस्त आहे. कायदा १९६७ मध्ये गेला, पण आमची सिस्टर अजून वाचते. औषधांच्या कपाटाची किल्ली जागेवर नसली की 'शी रेड अस द रायट ॲक्ट'. म्हणजे खरडपट्टी.

मामा : मी जोडीला 'बिनपाण्यानं हजामत करणे' लिहिलंय.

ताई : ते जरा जास्त होतं. बिनपाण्याच्या हजामतीत अपमान असतो, चार लोकांत उतरवणं असतं. रायट ॲक्टमध्ये ताकीद असते, 'पुन्हा असं झालं तर बघा'. 'चांगलीच तंबी दिली' हे जवळचं. हे जोडीचे मराठी वाक्प्रचार लाल शाईपेक्षा जास्त घात करतात, मामा. 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट'च्या कार्डावर तू काय लिहिलंयस?

मामा : 'तिखटमीठ लावणे'शी तुलना करा.

ताई : तुलना करून पोरगं काय समजेल? दोन्हीकडे मीठ, म्हणजे एकच. आणि अर्थ अगदी उलट! आपल्याकडे मीठ सांगणारा लावतो, थापा चविष्ट व्हाव्यात म्हणून. त्यांच्याकडे मीठ ऐकणारा घेतो, समोरच्याच्या थापा गिळता याव्यात म्हणून. आणि 'किक द बकेट'पुढे नुसतं 'मरणे' लिहिलंयस. 'गचकणे' लिही. नाहीतर एखादा पोरगा साहेबाच्या वडिलांसाठी सांत्वनाचं पत्र लिहिताना वापरायचा.

'गचकणे' पुस्तकात छापायला मामा तयार होईना. शाळेचं पुस्तक आहे, म्हणाला. ताई म्हणाली, तर मग कार्डच काढ. शेवटी कंसात 'हलक्या बोलीत' असं लिहून 'गचकणे' राहिलं.

मग 'वन्स इन अ ब्लू मून' निघालं आणि दोघंही पार बहकले.

मामा : इथे जोडीचा शब्द चोख आहे. 'सठीसहामाशी'. आणि गोष्टही चोख. इंग्रजी महिन्यात सहसा एक पौर्णिमा येते, क्वचित दोन. दुसरी आली तर तो ब्लू मून.

ताई : वाक्प्रचार त्याहून जुना आहे. इंग्रजीत सोळाव्या शतकापासून 'चंद्र निळा आहे' म्हणणं म्हणजे अशक्य, खुळचट काहीतरी बोलणं होतं. 'क्वचित' हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. दुसऱ्या पौर्णिमेचा हिशोब तर विसाव्या शतकातला, आणि तोही एका चुकीतून आलेला. अमेरिकेत मेन राज्याचं एक शेतकऱ्यांचं पंचांग निघायचं. त्यात ज्या ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा येतील, त्यातल्या तिसरीला ब्लू मून म्हणायचे. मार्च १९४६ मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात एका हौशी खगोल अभ्यासकानं त्याचा अर्थ 'महिन्यातली दुसरी पौर्णिमा' असा लावला, आणि तेच जगभर झालं.

मामा : थांब, थांब. वर्षात तेरावी पौर्णिमा, साधारण अडीच वर्षांतून एकदा? अगं, हा तर आपला अधिकमास! बारा चांद्रमहिन्यांचे दिवस होतात तीनशे चोपन्न, सूर्याच्या वर्षाला अकरा कमी पडतात, ते साठत साठत साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा धरावा लागतो. एकोणीस वर्षांत सात. तिकडच्या पंचांगकर्त्यालाही त्याच जादा चंद्राचं करायचं काय, हाच प्रश्न पडला असणार.

ताई : 'असणार' आलं.

मामा : हे गणित आहे, ते 'असणार' नव्हे! आणि आपण त्या तेराव्याचा वाक्प्रचार काय केला? 'दुष्काळात तेरावा महिना'. त्यांना तो जादा चंद्र दुर्मीळ वाटला, आपल्याला तो जड गेला. कणगीत धान्य बाराच महिन्यांचं, आणि खाणारी तोंडं तेराव्यालाही तेवढीच.

ताई : हे आधी का नाही लिहिलंस? हे कुठल्याच इंग्रजी पुस्तकात नाही.

मामा : कारण तू आत्ता सांगितलंस तेव्हा सुचलं.

(मला वाटतं, 'सठीसहामाशी'च्या ऐवजी कुणी चुकून 'दुष्काळात तेरावा महिना' जोडीला लिहिला तर अर्थ साफ बिघडेल. म्हणून टाइप करताना तो मी वेगळ्या चौकटीत टाकला. दोघांनाही विचारलं नाही.)

जेवणानंतर मामानं मुद्दा पुन्हा मूळपदावर आणला. त्याचं म्हणणं, गोष्ट खरी असो वा खोटी, मुळाशिवाय वाक्प्रचार पोकळ.

ताई : हातावर तुरी देऊन पळाला, असं तू रोज म्हणतोस. तुरीच का? हरभरे का नाहीत?

मामा : ... तुरी. म्हणजे बघ, पूर्वी...

ताई : पूर्वी काय?

मामा : ते बघावं लागेल.

ताई : बघेपर्यंत तू ते म्हणायचं थांबणार आहेस? मूग गिळून का बसतात, हे तरी कुणी विचारलंय? तरी अर्थ पक्का आहे ना? चोर हातावर तुरी देतो. पोरगी सासर सोडून गेली तर तिनं हातावर तुरी दिल्या असं आपण म्हणत नाही. एवढं बारीक तुला मूळ न कळताही कळतं.

मामा : आणि 'ध चा मा'? तिथे गोष्ट काढून घे बरं. नारायणरावाचा खून, १७७३, 'धरावे'चं 'मारावे'. ते माहीत नसेल तर 'ध चा मा करणे' म्हणजे नुसती दोन अक्षरं.

ताई : बरोबर. पण ती अक्षरं आनंदीबाईनं बदलली का, यावर इतिहासकार अजून भांडताहेत, आणि वाक्प्रचारानं मात्र निकाल कधीच लावून टाकलाय. रोज बोलताना आपण तिला पुन्हा एकदा गुन्हेगार ठरवतो. इंग्रजीत असं उलट बाजूनं झालं 'रूल ऑफ थम्ब'चं. साधा ठोकताळा, सतराव्या शतकापासूनचा शब्द. १७८२ मध्ये बुलर नावाच्या न्यायाधीशाच्या नावावर असं बोललं गेलं की अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीनं नवऱ्यानं बायकोला मारलं तर चालतं. गिलरेनं त्याचं 'जज थम्ब' म्हणून व्यंगचित्रही काढलं. असा कायदा इंग्लंडात कधी नव्हता. पण पुढे कुणीतरी ही काठी त्या वाक्प्रचाराला चिकटवली, आणि आता काही लोक तो शब्द तोंडातून काढायलाच कचरतात.

मामा यावर काही बोलला नाही. त्यानं खोक्यातून शेवटचं कार्ड काढलं, तेवढंच काय ते बोलला, "हे आता पाड बघू." कार्ड होतं 'टू गो डूलॅली'चं. वेड लागणे, डोकं ताळ्यावर नसणे. हे तर आमच्या शेजारचं देवळाली. आज तिथे तोफखान्याची शाळा आहे. इंग्रजांच्या काळी नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना तिथल्या छावणीत आणून ठेवत. विलायतेला जाणारी बोट मुंबईहून निघायची, पण सैन्याच्या बोटींचा हंगाम असायचा तो हिवाळ्याचाच. हंगाम हुकला की पुढच्या हंगामापर्यंत देवळालीत बसून राहायचं. कवायत नाही, काम नाही, घरची ओढ, खिशात पैसे आणि समोर दारू. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानं १९३६ च्या 'ओल्ड सोल्जर साहिब'मध्ये या अवस्थेविषयी लिहिलं आहे. त्या बिघडलेल्या डोक्याला शिपाई 'डूलॅली टॅप' म्हणत. पुढे 'टॅप' गळून पडला.

ताई : ही पाडता येत नाही. खरी आहे.

मामा : यॉर्कशरमध्ये म्हणतात?

ताई : सर्रास. पण देवळाली कुठे आहे, हे तिथे कुणाला माहीत नाही. आयरिश शब्द असेल असं एकीला वाटत होतं. मी सांगितलं, माझ्या मामाच्या घरापासून रिक्षानं जाता येतं.

मामा : मग टाइप करू दे त्याला.

ताई : करू दे, पण अर्थ मी सांगते. लिही रे. थट्टेत, मित्रांमध्ये, स्वतःविषयी चालतं. 'रात्रपाळी करून करून मी डूलॅली झाले', असं. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा मनाच्या आजाराच्या माणसाविषयी कधीही नाही, आणि त्याच्या घरच्यांसमोर तर मुळीच नाही. नर्सनं तर नाहीच नाही.

मामा : आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप, हे लिही.

ताई : फारसीतही तप म्हणजे ताप. शिपायांनी छावणीतल्या हिंदुस्तानीतून उचलला असेल.

मामा : देवळालीत उचलला ना? मग आपला.

ताई : दोन्ही लिही.

मामा : लिहू. पण आपला आधी.

ताई : फारसी आधी.

मी दोन्ही टाइप केले आहेत. आधी कोण, ते प्रुफं येतील तेव्हा ठरेल.